गरोदरपणातील खाज : केव्हा सोसावी, केव्हा दवाखाना गाठावा

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. परभणी जिल्ह्यातला मे कसा असतो, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. पारा चाळीशीच्या वर, रात्री बारा वाजले तरी भिंती गरम. माझ्या धाकट्या भावाची बायको, जिला घरात आम्ही सगळे ‘दुल्हन’ म्हणतो, आठव्या महिन्यात होती. पहिलेच बाळंतपण.

एका रात्री पाणी प्यायला उठले तर दुल्हन मोरीजवळ बसलेली दिसली. दोन्ही पाय बादलीत, आणि एका हाताच्या नखांनी दुसऱ्या हाताचा तळवा खरडणे चालू होते. मला पाहून दचकली. म्हणाली, “काही नाही आपा. हात-पाय खाजतात थोडे. दिवसा बरं असतं, रात्री झोपू देत नाही.”

“किती दिवसांपासून?”

“आठ-नऊ दिवस झाले असतील.”

सकाळी मी हा विषय काढला. अम्मी म्हणाल्या, “उष्णता आहे, सब्जाचं पाणी दे.” फुफीअम्मा म्हणाल्या, “पोटातल्या बाळाला केस येतात ना, तेव्हा खाज येतेच. आम्हालाही यायची.” भाऊ म्हणाला, “गोदभराईला मेहंदी लावली होती, तिचंच असेल.” प्रत्येकाकडे कारण तयार होते, आणि एकही कारण अगदीच अशक्य म्हणता येण्यासारखे नव्हते. पण पाय बादलीत घालून बसलेली बाई मी याआधीही एकदा पाहिली होती, म्हणून मला झोप लागली नव्हती.

ती माझी खालाजाद बहीण. वीस वर्षे होऊन गेली त्या गोष्टीला. तीही अशीच रात्र-रात्र तळवे खाजवत बसायची. कडुलिंबाच्या पाल्याचे पाणी झाले, लेप झाले. नववा महिना लागला आणि एके दिवशी तिला बाळाची हालचाल जाणवेना. बाळ पोटातच गेले होते. कशामुळे गेले, हे कुणालाही सांगता आले नाही, कारण त्या सगळ्या दिवसांत तिचे रक्त कधी तपासलेच गेले नव्हते. खाजेचा आणि त्या दुःखाचा संबंध होता की नव्हता, हे आजही मी सांगू शकत नाही. पण तिला मात्र ‘नजर लागली’, ‘भर उन्हात का गेलीस’ असे बरेच काही ऐकावे लागले.

मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. दुल्हनच्या निमित्ताने जे वाचले, डॉक्टरांना विचारून घेतले आणि डोळ्यांनी पाहिले, ते आपल्या घराघरांतल्या सुना-लेकींसाठी इथे लिहीत आहे.

बहुतेक खाज साधी असते

आधी धीर देणारी गोष्ट. गरोदरपणात खाज येणे अगदी सामान्य आहे. पोट वाढते तशी कातडी ताणली जाते, कोरडी पडते. शरीरातील संप्रेरके बदलतात, त्वचेकडे रक्तपुरवठा वाढतो, घाम जास्त येतो. पोट, छाती आणि मांड्या खाजणे, कातडी ताणल्याच्या रेषांवर चुणचुणणे, उन्हाळ्यात मानेवर आणि पाठीवर घामोळ्या येणे हे बहुतेकींना होते. तेल किंवा मलम लावले, थंड पाण्याने अंघोळ केली, सुती कपडे घातले की आराम पडतो. अशा खाजेने बाळाला काहीही होत नाही.

म्हणून प्रत्येक खाजेला घाबरण्याचे कारण नाही. पण काही खाज अशी असते की ती कातडीतून सुरू झालेली नसते. तिचे मूळ आत, यकृतात असते. तीच वेगळी ओळखता आली पाहिजे.

पुरळ नसलेली खाज

यकृत म्हणजे आपले कलेजे किंवा जिगर. ते पित्तरस तयार करते. हा रस बारीक नळ्यांतून आतड्यात उतरतो आणि अन्नातील चरबी पचवायला मदत करतो. गरोदरपणात संप्रेरकांचे प्रमाण खूप वाढते. काही स्त्रियांची प्रकृती जन्मतःच अशी असते की या वाढीमुळे पित्तरसाचा प्रवाह मंदावतो. मग त्यातील पित्ताम्ले आतड्यात जाण्याऐवजी रक्तात साठू लागतात आणि खाज सुटते. डॉक्टर याला ‘ऑब्स्टेट्रिक कोलेस्टेसिस’ किंवा ‘गरोदरपणातील कोलेस्टेसिस’ म्हणतात.

याची ओळख अशी :

खाज बहुधा सातव्या महिन्यानंतर, म्हणजे २८ आठवड्यांनंतर सुरू होते. क्वचित त्याआधीही होऊ शकते. ती तळहात आणि तळपायांवर जास्त असते, मग सर्वांगाला पसरू शकते. रात्री वाढते, झोप उडवते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंगावर पुरळ नसते. दिसतात ते फक्त नखांचे ओरखडे. काहींची लघवी गडद होते, शौचाचा रंग फिकट होतो, भूक मंदावते. डोळे पिवळे होणे थोड्याच जणींमध्ये दिसते. म्हणून ‘डोळे पिवळे नाहीत, म्हणजे यकृत ठीक आहे’ असा निष्कर्ष काढू नये.

आईला किंवा बहिणीला हा त्रास झाला असेल, स्वतःला आधीच्या बाळंतपणात झाला असेल, किंवा पोटात जुळे असेल तर शक्यता वाढते. ब्रिटनमधील आकडे सांगतात की तेथे सर्व समाजांत मिळून १,००० गरोदर स्त्रियांपैकी साधारण ७ जणींना हा आजार होतो. भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या स्त्रियांमध्ये मात्र हे प्रमाण १,००० मध्ये १२ ते १५, म्हणजे जवळजवळ दुप्पट आहे. आपल्या घरांनी हा आजार परका मानू नये, एवढे यातून कळते.

‘पित्त’ या शब्दाचा घोळ

डॉक्टरांनी घरी आलेल्यांना ‘पित्त’ हा शब्द सांगितला की गोंधळ होतो. आमच्याही घरी झाला. आपण छातीत जळजळ झाली की ‘पित्त झालं’ म्हणतो. अंगावर लाल गांधी उठल्या की ‘पित्त उठलं’ म्हणतो, आणि आमसुलाचे पाणी लावतो. हे दोन्ही वेगळे आणि पित्ताम्ले वाढणे हे तिसरेच. आम्लपित्ताच्या गोळीने किंवा आमसुलाने ते कमी होत नाही. ते रक्त तपासल्याशिवाय कळतही नाही.

मेहंदीचेही तसेच. बाजारातील काळ्या मेहंदीत पीपीडी नावाचे रसायन मिसळलेले असू शकते. त्याची ॲलर्जी आली तर जेथे नक्षी काढली तेथेच लाली, फोड आणि सूज येते, अनेकदा नक्षीच्याच आकारात. दुल्हनच्या तळहातांवर लालीही नव्हती, फोडही नव्हते. आणि मेहंदी काही तळपायांना लावली नव्हती. भावाला हे दाखवले तेव्हा तो गप्प झाला आणि म्हणाला, “ठीक आहे आपा, ९ तारखेला घेऊन जाऊ.”

रिपोर्ट नॉर्मल आला तरी

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून ही सोय आहे. आम्ही तालुक्याच्या ठिकाणी गेलो. गर्दी होती. वजन झाले, रक्तदाब झाला, हिमोग्लोबिन झाले. डॉक्टर मॅडमनी विचारले, “काही त्रास?” दुल्हन म्हणाली, “नाही.”

मी मागे उभी होते. म्हटले, “रात्री काय होतं ते सांग.” तेव्हा तिने सांगितले. मॅडमनी हात पाहिले, पाय पाहिले, पोटावर पुरळ आहे का ते पाहिले. लघवीचा रंग विचारला, बाळाची हालचाल विचारली, आईला असे झाले होते का तेही विचारले. मग यकृताची रक्त तपासणी लिहून दिली.

रिपोर्ट नॉर्मल आला. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. फुफीअम्मा म्हणाल्या, “मी म्हटलं नव्हतं?” पण मॅडमनी चिठ्ठीवर एक ओळ लिहून ठेवली होती : खाज राहिली तर दहा दिवसांनी पुन्हा तपासणी. या आजारात अनेकदा खाज आधी सुरू होते आणि रक्तातील बदल काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतो. म्हणून एकदा नॉर्मल आलेला रिपोर्ट शेवटचा मानायचा नसतो.

खाज राहिली. भाऊ म्हणाला, “परत तेच? परत खर्च?” त्याचा दुकानाचा धंदा, उन्हाळ्यात मंदी. त्याला मी दोष देत नाही. पण अम्मींनीच निर्णय दिला. “नॉर्मल आला तर पैसे गेले असं समज. नाही आला तर?” एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या तपासणीत यकृताच्या एन्झाइमचे, म्हणजे एसजीपीटीचे प्रमाण वाढलेले निघाले. पित्ताम्लांची तपासणी प्रत्येक ठिकाणी होत नाही. तिचा नमुना बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. आकडा आला ५२.

आकड्याचा अर्थ

हा आकडा दर लिटर रक्तात किती मायक्रोमोल पित्ताम्ले आहेत ते सांगतो. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार गरोदरपणात १९ च्या आत असेल तर ठीक, १९ ते ३९ सौम्य, ४० ते ९९ मध्यम, आणि १०० किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये अनेक देशांतील माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकच बाळ पोटात असलेल्या आणि हा आजार झालेल्या स्त्रियांमध्ये आकडा ४० च्या आत असताना बाळ पोटात दगावण्याचे प्रमाण १,००० मध्ये साधारण १ होते. ४० ते ९९ मध्ये ते साधारण ३ होते. १०० च्या वर गेल्यावर मात्र ते १,००० मध्ये सुमारे ३४ झाले. म्हणजे बहुतेक स्त्रियांची बाळे सुखरूप जन्मतात, पण आकडा शंभरापलीकडे गेला तर धोका एकदम वाढतो. आपला आकडा कोणत्या गटात आहे हे खाजेच्या जोरावरून कळत नाही. खूप खाज असून आकडा कमी असू शकतो, आणि उलटही. त्यासाठी सुई टोचून घ्यावीच लागते.

याशिवाय दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूती होणे आणि बाळाने पोटातच शी करणे हेही या आजारात जास्त दिसते. म्हणून अशी प्रसूती घरी किंवा जेथे बाळाच्या डॉक्टरांची सोय नाही अशा ठिकाणी करू नये.

उपचार काय? अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड नावाची गोळी अनेक डॉक्टर देतात. तिच्याबद्दल खरे बोललेले बरे. २०१९ मध्येच ब्रिटनमधील ६०५ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात या गोळीने खाज थोडीशीच कमी झाली आणि बाळाच्या प्रकृतीत विशेष फरक दिसला नाही. म्हणून ‘गोळी चालू आहे, आता तपासणी नको’ असे म्हणता येत नाही. खरे संरक्षण आहे ते आकड्यावर लक्ष ठेवण्यात आणि प्रसूतीची वेळ ठरवण्यात. आकडा १०० च्या वर असेल तर साधारण ३५ ते ३६ आठवड्यांत, मध्यम असेल तर ३८ ते ३९ आठवड्यांत, आणि सौम्य असेल तर ४० आठवड्यांपर्यंत प्रसूती करण्याचा विचार होतो. इतर अडचणी असतील तर हे बदलते. ते आपले डॉक्टर ठरवतील.

‘डॉक्टर लवकर कळा आणायला सांगतात, म्हणजे पैशासाठी’ असा संशय आपल्याकडे लगेच घेतला जातो. संशय आला तर विचारा, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. पण रिपोर्टमधील आकडा हातात घेऊन विचारा, आणि त्यात दिवस घालवू नका.

कावीळ दिसली तर थांबू नका

खाजेबरोबर डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, उलट्या, ताप, खूप थकवा असेल तर प्रश्न आणखी तातडीचा होतो. याला कारण दूषित पाण्यातून पसरणारा हेपॅटायटिस ई असू शकतो. इतरांना हा आजार बहुधा काही आठवड्यांत सोडतो. गरोदर बाईला मात्र, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, तो जिवावर बेततो. १९७८ साली काश्मीर खोऱ्यात पाण्यातून काविळीची प्रचंड साथ आली. तेथील डॉ. मुहम्मद सुलतान खुरू यांनी गावोगावचे रुग्ण अभ्यासले, तेव्हा गरोदर स्त्रियांचे मृत्यू इतरांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचे दिसले. त्यांच्या या कामातून जगाला एका नव्या प्रकारच्या काविळीची चाहूल लागली, जिला पुढे हेपॅटायटिस ई हे नाव मिळाले. आपल्या महाराष्ट्रातही २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे याच आजाराची मोठी साथ आली होती.

मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकर, बोअर, मिळेल ते पाणी वापरावे लागते. गरोदर बाईसाठी तरी पाणी उकळून गार करून ठेवा.

आणि एक विनंती. काविळीची माळ, मनगटावर डाग देणे, पाल्याचा रस, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ‘कावीळ उतरवणे’ यात एक दिवसही घालवू नका. मंत्रणाऱ्याच्या परातीत पाणी पिवळे होते म्हणून रक्तातील पिवळेपणा जात नाही. दुआ करावी, जरूर करावी. पण इलाज करून घेणे हीसुद्धा आपल्याला मिळालेली शिकवण आहे. गाडीत बसूनही दुआ करता येते.

डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, पोटाच्या वरच्या उजव्या बाजूला दुखणे ही वाढलेल्या रक्तदाबाच्या आजाराची लक्षणे आहेत. खाज असो वा नसो, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय.

पुरळ असलेली खाज

पुरळ असेल तर कारणे वेगळी असतात. ती डॉक्टरांना दाखवूनच ठरवावी, पण थोडी ओळख असलेली बरी.

शेवटच्या आठवड्यांत पोटावरच्या ताणाच्या रेषांमध्ये लाल, खाजरे पुरळ उठते आणि मांड्यांकडे पसरते. बेंबीची जागा मात्र मोकळी राहते. पहिल्या बाळंतपणात हे जास्त दिसते. त्रास खूप होतो, पण बाळाला धोका नसतो, आणि प्रसूतीनंतर ते जाते. याउलट बेंबीच्या आसपास सुरू होऊन पाण्याचे फोड येत असतील तर तो दुर्मीळ पण लक्ष द्यावा लागणारा आजार असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवा.

बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुरळ, रात्री खाज, आणि घरातील इतरांनाही तेच असेल तर ती खरूज असू शकते. खरजेचे औषध एकटीने लावून उपयोग नाही. घरातील सर्वांनी एकाच रात्री लावावे, आणि कपडे-अंथरूण गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावे. गरोदर बाईला चालणारे औषध कोणते, हे डॉक्टरांनाच विचारा.

जांघेत, कमरेवर गोल चकते म्हणजे नायटा. यावर मेडिकल दुकानातून ‘सगळ्यांना चालते ती ट्यूब’ आणण्याची सवय फार वाईट आहे. त्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवस बरे वाटते आणि मग नायटा दुप्पट पसरतो.

नाजूक जागी खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव असेल तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. गरोदरपणात तो सहज होतो आणि औषधाने जातो. पुन्हा पुन्हा होत असेल तर साखर तपासून घ्यावी.

घरी काय करावे, काय टाळावे

तपासणी होईपर्यंत आणि नंतरही आराम पडण्यासाठी या गोष्टी उपयोगी आहेत. थंड किंवा कोमट पाण्याने अंघोळ. कडक गरम पाणी नको, त्याने खाज वाढते. साबण कमी, वासाचा नको. अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधे बिनवासाचे मलम लावावे. कॅलामाइन लोशन चालते. नखे कापून ठेवावीत. रात्री पाय ओल्या कपड्यात गुंडाळले तर बरे वाटते. कपडे सुती आणि सैल. बुरख्याचे कापडही उन्हाळ्यात सुती किंवा हलके निवडा. सिंथेटिक कापडात घाम अडकून घामोळ्या येतात. वुजूनंतर हात-पाय कोरडे करून तेलाचे बोट लावण्याची सवय ठेवा.

अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक ओतू नका. कोणताही लेप, काढा, खाजेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. काही गोळ्या गरोदरपणात चालतात, पण कोणती आणि किती हे डॉक्टरांनी सांगायचे. रमजानचे दिवस असतील तर रोज्याबद्दलही डॉक्टरांशी बोला. गरोदर स्त्रीला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल तर रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

लाज आणि भाषा

‘काही त्रास?’ या प्रश्नाला दुल्हन ‘नाही’ म्हणाली, हे मी विसरू शकत नाही. नऊ रात्री न झोपलेली मुलगी ‘नाही’ म्हणते. एक तर खाज हा काही आजार आहे असे तिला वाटत नव्हते. दुसरे, सासूसमोर आणि अनोळखी माणसांसमोर अंगाबद्दल बोलायची लाज. तिसरे, भाषा. घरी आपण ‘खुजली’ म्हणतो, दवाखान्यात ‘खाज’ म्हणावे लागते. शब्द जुळवता जुळवता नंबर निघून जातो.

म्हणून जाण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या. खाज केव्हापासून आहे, अंगावर कुठे आहे, रात्री वाढते का, पुरळ आहे का. लघवीचा रंग आणि बाळाची हालचाल त्यातच लिहा. उर्दूत लिहिले तरी चालेल, वाचून दाखवता येते. स्त्री डॉक्टर हवी असेल तर तसे आधी विचारा. नसतील तर नर्सताईंना सोबत थांबायला सांगा. पण डॉक्टरीण नाही म्हणून परत येऊ नका.

नवरा, सासू, नणंद यांनी सोबत जावे. निदान ‘तू नाटकं करतेस’ एवढे तरी म्हणू नये.

कुठे आणि केव्हा

गावात आशाताईंना सांगा. त्यांच्याकडून आरोग्य केंद्र, तेथून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, आणि गरज पडली तर परभणी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रीची तपासणी, औषधे, प्रसूती आणि ने-आण मोफत आहे. गाडीसाठी १०२, तातडीला १०८.

तळहात-तळपाय खाजतात, पुरळ नाही, रात्री वाढते : एक-दोन दिवसांत डॉक्टर. ९ तारखेची वाट पाहू नका, आम्ही पाहिली ती आमची चूक होती.

डोळे किंवा लघवी पिवळी, उलट्या, ताप, पोटात वरच्या बाजूला दुखणे : त्याच दिवशी.

बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी किंवा बंद : त्याच तासाला, रात्र असली तरी. खाज असो वा नसो.

प्रसूतीनंतर खाज काही दिवसांत जाते. तरी महिना-दीड महिन्याने यकृताची तपासणी पुन्हा करून घ्या. पुढच्या वेळी हा त्रास परत होण्याची शक्यता बरीच असते, १०० पैकी ४५ ते ९० जणींना तो पुन्हा होतो. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या सुरू करण्याआधीही हा आजार झाला होता हे सांगायला विसरू नका. कागद जपून ठेवा. दुल्हनचे सगळे रिपोर्ट मी तिच्या माता बाल कार्डाला टाचून दिले आहेत. तिच्या धाकट्या बहिणीलाही हे सांगून ठेवले आहे.

दुल्हनची तपासणी नंतर दर आठवड्याला होत राहिली. आकडा वर-खाली होत राहिला, पण शंभराच्या आतच राहिला. ३८ आठवडे झाल्यावर मॅडमनी दाखल करून घेतले. मुलगी झाली, अल्हम्दुलिल्लाह. वजन २ किलो ६०० ग्रॅम. आठवडाभरात खाज अशी गेली की जणू कधी नव्हतीच.

अकीक्याला खालाजाद बहीण आली होती. बाळाला मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मग हळूच मला विचारले, “माझंही तेव्हा रक्त तपासलं असतं तर?” मी तिला काय सांगणार? तिचा हात धरला. तुझा काही दोष नव्हता, तेव्हा आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हते, एवढेच म्हणाले.

आता आपल्याला माहीत आहे. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात कुणी सात महिन्यांच्या पुढे असेल तर आज तिला एवढेच विचारा, “रात्री झोप लागते का? हात-पाय खाजतात का?” अल्लाह प्रत्येक आईला आणि तिच्या बाळाला आफियत देवो. आमीन.